जिल्ह्याचा इतिहास संकेतस्थळावर मांडताना

शाळेने किंवा वाचनालयाने स्थानिक इतिहासाचं संकेतस्थळ करायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत मेनू ठरतो. राजे, किल्ले, लढाया, स्वातंत्र्यसैनिक, देवस्थानं, पर्यटनस्थळं आणि अगदी शेवटी ‘आदिवासी संस्कृती’ किंवा ‘इतर समाज’. बैठकीला बसलेल्यांपैकी कुणालाही कुणाला वगळायचं नसतं. पण हा मेनू एकदा कायम झाला की पुढे कितीही मजकूर भरला तरी काही लोक इतिहास घडवणारे म्हणून दिसतात आणि काही फक्त नाच, पेहराव आणि सणांपुरते उरतात. त्या शेवटच्या पानावर फोटो असतो, पण फोटोतल्या माणसाचं नाव नसतं आणि एकही तारीख नसते.

म्हणून सगळ्यांना सामावून घेणारा इतिहास मांडायचा असेल तर आधी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं. पानांची रचना कशी आहे, आणि काय छापायचं हे कोण ठरवतं. मजकूर त्यानंतर येतो. सहावी ते दहावीच्या मुलांसाठी आपल्या तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा इतिहास ऑनलाइन आणू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, ग्रंथपालांसाठी आणि इतिहास मंडळांसाठी हा लेख आहे. उदाहरणं रायगड जिल्ह्यातली घेतली आहेत. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. एवढ्याशा किनारपट्टीवर आणि तिच्या मागच्या डोंगरात इतक्या तऱ्हेच्या लोकांचा इतिहास एकमेकांत गुंतला आहे की रचनेत कुठे चूक होते ते इथे लगेच लक्षात येतं.

समाजवार पानं करू नका

पहिला मोह असतो प्रत्येक समाजाला एक पान देण्याचा. आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर, बौद्ध, कोकणी मुसलमान, बेने इस्राएल, कोर्लईचे ख्रिस्ती. हे न्याय्य वाटतं, पण मुलांच्या हाती पडते ती जातींची यादी. प्रत्येक समाज आपापल्या चौकटीत बसतो आणि ते एकमेकांशी कसे वागले, कुणी कुणाची जमीन कसली, कुणी कुणाला पाणी नाकारलं, कुणी आसरा दिला, हे सगळं पानांच्या मधल्या फटीत हरवतं. इतिहास तर नेमका तिथेच घडलेला असतो.

त्याऐवजी ठिकाण आणि प्रसंग हा पाया धरा. चौलचं बंदर, महाडचं तळं, चरीची शेतं, चिरनेरचं जंगल, माथेरानचा डोंगर, मुरूडचा खाडीकाठ. प्रत्येक पानावर तिथे असलेली सगळी माणसं येऊ द्या. समाजाच्या नावाने शोधायची सोय हवीच, पण ती टॅगच्या रूपात ठेवा. ‘कातकरी’ या टॅगवर बोट ठेवलं की मुलाला जंगल सत्याग्रह दिसला पाहिजे, खैराच्या काताचा व्यवसाय दिसला पाहिजे, वीटभट्टीवरचं स्थलांतरही दिसलं पाहिजे.

महाडचं पान कसं बांधावं ते जरा बारकाईने पाहू. बहुतेक ठिकाणी एवढंच वाचायला मिळतं की २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. वाक्य खरं आहे, पण त्यातून मुलाला काही उलगडत नाही. पान मागे न्यावं लागतं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात मांडला आणि तो मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरीही तीन वर्षं कुणी त्या पाण्याला हात लावू शकलं नाही. वर्गात विचारायचा प्रश्न इथेच तयार होतो. ठराव होता, कायद्याची भाषा होती, मग अडवत कोण होतं?

मग मार्च १९२७ मध्ये महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेची तयारी. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे त्याच भागातले दलित कार्यकर्ते, अनंत विनायक चित्रे, नगरपालिकेतले सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. २० मार्चला तळ्यावरून परतल्यावर आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तर मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या सुमारास बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत स्वतंत्रपणे बोलले. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावर अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. म्हणजे ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं. ही चौदा वर्षं आडव्या कालपट्टीवर मांडली की आठवीच्या मुलाला हक्क मिळण्याची प्रक्रिया डोळ्यांनी दिसते.

अशा पानावर भाषेची एक सवय मोडावी लागते. ‘अस्पृश्यांना पाणी भरू दिलं जात नसे’ हे वाक्य आपण सहज लिहितो. कोण भरू देत नसे, ते वाक्यात नाही. ‘तळ्याभोवतीचे सवर्ण रहिवासी पाणी भरू देत नसत’ असं लिहा. कर्ता असलेलं वाक्य लिहायला धीर लागतो, पण कर्ता नसलेल्या वाक्यातून अन्याय पावसासारखा आपोआप पडल्यासारखा वाटतो. त्याच पानावर चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे हेही सवर्णच होते हे दिसतंच. त्यामुळे एखाद्या मुलाला आपल्या घरच्यांवर सरसकट ठपका बसतोय असं वाटायचं कारण उरत नाही. कुणाला वाटलंच तर त्याच्याशी बोलायला शिक्षकाच्या हाती हे पान आहे.

‘स्वातंत्र्यलढा’ हे पानही असंच उघडून पाहा. २५ सप्टेंबर १९३० च्या चिरनेर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. आज अनेक कातकरी वाड्यांवर त्यांची आठवण निघते, पण शाळेच्या भिंतीवरच्या स्वातंत्र्यवीरांच्या रांगेत त्यांचं नाव क्वचितच दिसतं. वासुदेव बळवंत फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्यांच्या १८७९ च्या बंडात दौलतराव नाईक आणि त्यांचे रामोशी साथीदार होते, हे त्याच परिच्छेदात आलं पाहिजे, तळटीपेत नको. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर मारले गेले. नाभिक कुटुंबातले, वकील झालेले तरुण कोतवाल भूमिगत लढ्याचे पुढारी कसे झाले, हा विषय मुलांना नुसत्या तारखांपेक्षा खूप जवळचा वाटतो.

आणि चरी. अलिबाग तालुक्यातल्या या गावात १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ मध्ये विधिमंडळात मांडलं. महाड आणि चरी ही दोन पानं दुव्यांनी जोडलीत तर मुलांना पाणी आणि जमीन हे दोन लढे एकमेकांशेजारी दिसतील. चरीच्या पानावर मी एक जागा मुद्दाम मोकळी ठेवेन. सहा वर्षं शेतं पडीक असताना घरातल्या बायकांनी चूल कशी चालवली? हे कागदांत फारसं सापडणार नाही. ते गावात जाऊन नातवंडांच्या पिढीला विचारावं लागेल, आणि हे काम मुलं उत्तम करतात.

निर्णय कोणाच्या हातात

मजकूर तयार झाल्यावर ‘जरा नजर टाका’ म्हणून त्या समाजातल्या एखाद्याला बोलावण्याची पद्धत आहे. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं आणि समोरचा माणूस भिडेखातर मान डोलावतो. त्याऐवजी पहिल्या बैठकीपासून संपादक मंडळात त्यांना घ्या. एका वाडीवरची एक बाई, एका मोहल्ल्यातले एक शिक्षक, कोळीवाड्यातली एक आजी. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला रोज द्या. ज्यांचा इतिहास आहे त्यांनी तो फुकट सांगावा आणि डिझाइन करणाऱ्याला मात्र बिलाप्रमाणे पैसे मिळावेत, हे बरोबर नाही. शिवाय त्यांना नकाराचा हक्क हवा. हा फोटो नको, ही गोष्ट बाहेर जाऊ नये, असं त्यांनी म्हटलं तर ते तिथेच थांबलं पाहिजे.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाकडून शिकण्यासारखं आहे. तिथल्या टेनंट क्रीक भागातल्या वारुमुंगू या आदिवासी समाजाबरोबर काम करताना मुकुर्तू नावाची संगणकप्रणाली तयार झाली. त्यांच्या रिवाजानुसार काही चित्रं फक्त स्त्रियांनी पाहायची असतात, काही ठरावीक कुटुंबांनी, आणि मृत व्यक्तीचा फोटो दाखवण्यावर बंधनं असतात. मुकुर्तूत प्रत्येक वस्तूला हे नियम जोडता येतात. नियम समाज ठरवतो. ही प्रणाली मोफत मिळते. आपण ती वापरलीच पाहिजे असं नाही, पण तिच्यामागचा विचार घ्यावा. नोंद करताना प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना ठेवा: सगळ्यांसाठी, फक्त वर्गात दाखवण्यासाठी, फक्त त्या कुटुंबासाठी, किंवा नोंद ठेवायची पण दाखवायची नाही. देवराईतल्या देवाची नेमकी जागा, गुप्तधनाच्या शोधात लोक जिथे खणतील अशी जुनी थडगी, एखाद्या घरातली विधीची गाणी, यांना हा रकाना फार उपयोगी पडतो.

ज्यांची वस्ती आता जिल्ह्यात फारशी उरलेली नाही, त्यांनाही विचारायला हवं. बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या कुटुंबांची आडनावं पाहा: किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, नवगावकर, दिवेकर. नकाशावर ही आडनावं टाकली की गावं आपोआप दिसतात. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे ती मराठी बोलतात आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगचं पान करताना इस्राएलमधल्या या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं अवघड नाही. आपलं गाव कुणी विचारतंय याचा त्यांना आनंद होईल, आणि मुलांनाही समजेल की मराठी बोलणारा माणूस कोणत्याही धर्माचा असू शकतो.

आवाज गोळा करणं

आपल्याकडे मौखिक इतिहासाचा एक मोठा नमुना आधीच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. तिथली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीबरोबर गाणारीचं आणि तिच्या गावाचं नाव येतं. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असं म्हणून ती बाई पुसली जात नाही. तुमच्या संकेतस्थळावरही हाच शिरस्ता ठेवा. ज्याने सांगितलं त्याचं नाव, त्याला चालत असेल तर. चालत नसेल तर वय आणि वाडी पुरे.

मुलाखतीला जाताना प्रश्नावली हातात धरून बसू नका. ‘तुमच्या समाजाचा इतिहास सांगा’ या प्रश्नाला कुणीही नीट उत्तर देऊ शकत नाही. ‘तुमच्या लहानपणी दळण कुठे होतं’, ‘लग्नाला वाजंत्री कोण असायचे’, ‘भट्टीवर पहिल्यांदा कधी गेलात’ असं विचारा. घर, काम, वस्तू, वाट. त्यातून इतिहास आपोआप बाहेर येतो. संमती कागदावर सही घेऊन मागण्यापेक्षा आधी त्यांच्या बोलीत तोंडी समजावून, त्यांचं ‘हो’ रेकॉर्ड करून घ्या. कागदावरचा अंगठा वाडीवर धास्ती निर्माण करतो, कारण तिथल्या लोकांना सावकाराचे आणि जमिनीचे कागद आठवतात. संमती केव्हाही मागे घेता येईल हे सांगा, आणि कुणाला फोन करायचा ते चिठ्ठीवर लिहून द्या.

बोलणं जसं आहे तसं लिहून काढा. कातकरी किंवा आगरी बोलीचं प्रमाण मराठीत रूपांतर करून मूळ टाकून देऊ नका. डावीकडे बोली, उजवीकडे प्रमाण मराठी अशी मांडणी करा. आपल्या घरचं बोलणं संकेतस्थळावर छापलेलं पाहून वर्गात गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या संगमातून घडलेली भाषा आजही घराघरांत बोलली जाते. तिच्यातली पाच मिनिटांची ध्वनिफीत चौल-रेवदंड्याच्या पोर्तुगीज काळाबद्दल जे सांगते ते पानभर मजकुराला सांगता येणार नाही.

खरं किती, ऐकीव किती

सगळ्यांना जागा द्यायची म्हणजे कुणीही काहीही म्हटलं ते खरं मानायचं, असा समज होता कामा नये. प्रत्येक परिच्छेदाला किंवा चित्राला एक छोटी खूण द्या: दस्तऐवज, आठवण, आख्यायिका, मतभेद. रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, याला समकालीन कागद आहेत. हिरकणी गवळण रात्री कडा उतरून बाळाकडे गेली, ही आख्यायिका. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून बेने इस्राएलांचे पूर्वज आले, ही त्या समाजाची परंपरा. आख्यायिकेची खूण लावल्याने हिरकणीचा मान कमी होत नाही. उलट मुलांना विचारता येतं की लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट का जपली, आणि गडावर दूध घालणाऱ्या बाईची आठवण राहिली तेव्हा गडाच्या कामकाजात तिचं स्थान काय असेल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. खुणा सगळ्यांना सारख्याच लावा. एका समाजाच्या आख्यायिका ‘इतिहास’ आणि दुसऱ्याच्या ‘दंतकथा’ असं झालं तर सगळी मेहनत फुकट.

छापील साधनांनाही खूण लागते. कुलाबा आणि जंजिरा यांचं १८८३ चं गॅझेटियर माहितीने भरलेलं आहे. पिकं, बाजार, रस्ते, बंदरं यासाठी ते वापराच. पण त्यातल्या जातीजमातींच्या वर्णनांत लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांचे पूर्वग्रह ठासून आहेत. तो उतारा दिलाच तर शेजारी विचारा: हे कुणी लिहिलं, कुणासाठी, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला विचारलं होतं का? तसंच माथेरानचं. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला, असं पाट्यांवर वाचायला मिळतं. त्या डोंगरात धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून वावरत होते. ‘१८५० मध्ये मॅलेट माथेरानवर आले आणि इथे थंड हवेचं ठिकाण वसवण्याची सुरुवात झाली’ असं लिहिलं की वाक्य अचूक होतं आणि कुणी वगळलंही जात नाही.

जंजिऱ्याच्या पानावर कसोटी लागते. सिद्दी राज्यकर्ते मुळात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज. त्यांनी हा जलदुर्ग मराठ्यांच्या हाती पडू दिला नाही, आणि त्यांचं संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. शालेय मजकुरात ते फक्त शत्रू म्हणून येतात. शिवकाळात सिद्दींशी झालेला संघर्ष लपवायचं कारण नाही, तो पूर्ण लिहा. त्याच काळात स्वराज्याच्या आरमारात दौलतखान हा सरदार होता हेही लिहा. एवढं झालं की ‘मुसलमान विरुद्ध मराठे’ ही सोपी वाटणी मुलं स्वतःच मोडीत काढतात, शिक्षकाला भाषण करावं लागत नाही.

वर्गात हे पान उघडेल तेव्हा

संकेतस्थळ बनवणारे इथे हमखास कमी पडतात. पान तयार झालं की काम संपलं असं त्यांना वाटतं. पण चवदार तळ्याचं पान चाळीस मुलांच्या वर्गात मोठ्या पडद्यावर उघडतं तेव्हा त्यात दलित घरातली चार-पाच मुलं बसलेली असतात. सगळ्या वर्गाच्या नजरा त्यांच्याकडे वळतात. एखादे शिक्षक चांगल्या हेतूने म्हणतात, “तुझ्या आजोबांना विचारून ये बरं, तेव्हा कसं होतं.” त्या मुलाच्या पोटात गोळा येतो. आपली जात सगळ्यांसमोर बोलायला लावणं हे शिक्षण होऊ शकत नाही.

यावर उपाय प्रश्नांच्या रचनेत आहे. सगळ्या मुलांना एकच गृहपाठ द्या: तुमच्या आजीच्या लहानपणी घरात पाणी कुठून यायचं? त्या विहिरीवर कोण कोण यायचं? कोण येत नसे, आणि का? ज्या घरात पाणी अडवलं गेलं आणि ज्या घराने अडवलं, दोन्हीकडे हाच प्रश्न जातो. ओझं एकट्या मुलाच्या खांद्यावर पडत नाही. उत्तरं वर्गात नावानिशी वाचून दाखवू नका. सगळी एकत्र करून गावातल्या पाणवठ्यांचा नकाशा बनवा.

प्रत्येक पानाबरोबर शिक्षकांसाठी एक वेगळी चिठ्ठी जोडा. तिथे कोणत्या शब्दांची काळजी घ्यायची, कोणता प्रश्न टाळायचा, एखाद्या मुलाने जातीवरून टोमणा मारला तर तास तिथेच थांबवून काय बोलायचं, हे सरळ लिहा. जुन्या कागदांत अपमानास्पद जातिवाचक शब्द येतात. मूळ साधन दाखवायचं तर ते चित्ररूपात, वर सूचना देऊन दाखवा. प्रश्नमंजूषेत, शीर्षकात, शोधाच्या शब्दांत ते येऊ देऊ नका. आणि छळाच्या प्रसंगांवर नाटुकलं बसवायला सांगू नका. मारहाण करणाऱ्याची आणि खाणाऱ्याची भूमिका मुलांमध्ये वाटण्याने शिकण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

तंत्राचं थोडक्यात

रायगडच्या दुर्गम वाड्यांवर मूल हे संकेतस्थळ बघणार ते बापाच्या मोबाइलवर, संध्याकाळी, उरलेल्या डेटावर. सगळे तांत्रिक निर्णय या एका गोष्टीवरून घ्या. मुखपृष्ठावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ नको. फोटो लहान करून चढवा. मुलाखतीची मूळ ध्वनिफीत मोठ्या दर्जात जपून ठेवा, पण ऐकण्यासाठी ६४ केबीपीएसची एमपी३ पुरते. त्यात मिनिटाला साधारण अर्धा एमबी जातो, म्हणजे दहा मिनिटांची मुलाखत पाच एमबीत बसते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवता येते. प्रत्येक पान छापून घेता येईल असं ए४ रूपात द्या.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुने लेख श्रीलिपी किंवा तशा फाँटमध्ये टाइप केलेले असतात. ते रूपांतर करून, एकदा डोळ्यांखालून घालून मगच टाका. पानं स्कॅन करून चित्ररूपात लटकवली तर शोध लागत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या मोबाइलला ती वाचून दाखवता येत नाहीत. प्रत्येक फोटोला वर्णन लिहा. ‘आदिवासी स्त्री’ असं लिहू नका. ‘डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई, मागे वीटभट्टी’ असं जे दिसतंय ते लिहा.

साधन म्हणून ओमेका ही मोफत प्रणाली संग्रहांसाठीच बनलेली आहे. एवढं जमत नसेल तर साधं वर्डप्रेसही चालतं. हक्कांचा विचार आधीच करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य सर्वांसाठी खुलं होतं. बाबासाहेबांचं १९५६ मध्ये निधन झालं, त्यामुळे ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’मधलं त्यांचं लेखन आता वापरता येतं. महाडबद्दल त्यांनी त्याच वेळी काय लिहिलं ते मुलांना मुळातून वाचायला द्या. मुलांची नावं, फोटो, लॉगिन काहीही गोळा करू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०२३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, आणि इतिहास शिकायला ती माहिती लागत नाही.

सुरुवात कुठून

पन्नास पानांचा आराखडा करू नका. एक ठिकाण निवडा, तेवढंच पूर्ण करा, दोन शाळांत वापरून पाहा आणि मग पुढे जा. प्रत्येक पानाखाली ‘दुरुस्ती कळवा’ असा रकाना आणि केलेल्या दुरुस्त्यांची तारीखवार नोंद ठेवा. गावातला कुणी वडीलधारा येऊन म्हणाला की अमक्याचं नाव राहिलं, तर ते तपासून, त्या दुरुस्तीच्या श्रेयासह टाका. गट मोडला, शिक्षकांची बदली झाली तरी काम टिकावं म्हणून सगळ्या फायलींची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात आणि एक प्रत ज्या वाडीने ती दिली त्या वाडीवर पेनड्राइव्हमध्ये ठेवा.

कामाला लागायचं असेल तर याच पावसाळ्यात लागा. कातकरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास वीटभट्ट्यांवर जायला निघतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावरच परततात. त्यांच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं असेल तर सप्टेंबरपर्यंतच ती वाडीवर निवांत भेटतील.